मदत हवी आहे: जुन्या लेथची स्टार मोटर घरच्या सिंगल फेजवर चालवायची आहे

नमस्कार मंडळी. धायरीत घराच्या तळमजल्यावर छोटं वर्कशॉप आहे. भोसरीतल्या एका बंद पडलेल्या युनिटमधून साडेचार फुटी लेथ आणला. बेड उत्तम, चकजवळही (जॉब पकडून फिरवणारा भाग) फारशी झीज नाही. असं मशीन भंगारात जाऊ द्यायला जीव धजावेना.

अडचण मोटरची. १ एचपी, थ्री फेज, नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट स्टार (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं). घरी सिंगल फेज, म्हणून व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा, मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावायचाय. पण २३० व्होल्टचा व्हीएफडी बाहेरही २३० व्होल्टच थ्री फेज देतो, त्याला मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) हवी. स्टारमध्येच ठेवली तर ५० हर्ट्झला टॉर्क साधारण एक तृतीयांश उरतो. एमएसवर (माइल्ड स्टील) जरा खोल कट घेतला की मोटर बसणार.

टर्मिनल बॉक्स उघडला तर सहाऐवजी तीनच वायरी. स्टार पॉइंट, म्हणजे टोकांचा तो जोड, आत, दोऱ्यानं घट्ट बांधून वर वॉर्निश मारलेला. तो इतका कडक झालाय की डेल्टासाठी टोकं सोडवताना तार तुटेल अशी धास्ती वाटते. मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन चांगलं दाखवतंय, त्यामुळे रिवाइंडिंग शक्यतो नको.

पुण्यात हे काम सांभाळून करणारा वाइंडर कोणाच्या माहितीत आहे का? तापकीर गल्लीच्या (इलेक्ट्रिकल सामानाचा बाजार) आसपास असला तर उत्तम. वॉर्निश मऊ करायला हीट गन चालते का? की एवढ्या जुन्या वाइंडिंगला व्हीएफडी झेपणारच नाही? माझा कल मोटर वाचवण्याकडेच आहे. आणि हो, चक आट्यांवर बसणारा आहे, झटक्यात थांबवला तर सुटायचा. तुम्ही ब्रेकिंगचं सेटिंग काय ठेवता तेही सांगा.