मदत हवी आहे: जादू भरपूर, रुसवेफुगवे कमी असलेली कादंबरी सुचवा

नमस्कार मंडळी. दहावीची परीक्षा संपल्यापासून लेक इंग्रजी फँटसी वाचत सुटलीय, आणि तिच्या मागून मीही. परवा रंकाळ्यावर भेळ खाताखाता एक संपवली. शेवटच्या पानाला चिंचेचा डाग पडला, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

शाप, तलवारी, उडते घोडे, सगळं झकास. पण मग तो येतो! वय ३०० वर्षं, दिसायला अठराचा, आणि जीव जडतो १७ वर्षांच्या पोरीवर. रात्री खिडकीत बसून तिला झोपलेली बघतो, आणि ही लाजते. आमच्या गल्लीत असतं तर पाठीत पायतान बसलं असतं. लेक म्हणते, "आई, तुला रोमान्स कळत नाही." कळतो गं! पण तिकडं राज्य बुडतंय आणि ही 'दोघांतला कुठला' म्हणून चाळीस पानं रडतेय.

मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्या १८६१ च्या 'मुक्तामाला'पासून आहेत, पण आजच्या पोरींना ती भाषा झेपत नाही. अलीकडची, मूळ मराठी किंवा चांगला अनुवाद, असं काही आहे का? नायिकेला जरा अक्कल हवी. प्रेम असू दे, पण तोंडी लावण्यापुरतं.

करवीर नगर वाचन मंदिरात मिळण्यासारखं असेल तर फारच बरं.