इंडक्शनवर वरण-भात: डाळ कच्ची, भात गिचका

नवशिका: पुण्यात कॉलेजसाठी खोली घेतली आहे. गॅस नाही, फक्त इंडक्शन आणि ३ लिटरचा स्टीलचा कुकर. एकट्यापुरता वरण-भात लावतो. घरच्यासारख्या तीन शिट्ट्या घेतल्या तर तूरडाळ टचटचीत राहते, सहा घेतल्या तर भाताचा गिचका होतो. फोडणीही जळते. प्रमाण आणि वेळ नीट कोणी सांगेल का?

कढीपत्ता: शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पूर्ण वॅटवर छोट्या कुकरात वाफ भराभर धरते, त्यामुळे तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होऊन जातात. डाळीला तेवढ्यात शिजायला वेळच मिळत नाही.
पाव वाटी डाळ धुऊन अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. मग पाऊण वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे दोन थेंब घालून डाळीचं भांडं खाली ठेवा. वर अर्धी वाटी कोलम, एक वाटी पाणी. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी हवंच. पहिली शिट्टी १२०० वॅटवर होऊ द्या, मग ४०० ते ५०० वर १२ मिनिटं. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून काढू नका. त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते.
तांदूळ इंद्रायणी असेल तर तो चिकटच होणार, त्यात तुमची चूक नाही.

बोअरचं_पाणी: टोमॅटो, चिंच, आमसूल डाळीत आधीच घालत असाल तर ते थांबवा. आंबटाने डाळ लवकर मऊ पडत नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळेही तेच होतं. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी वापरून पाहा. तरीही दाणा राहिला तर डाळ जुनी आहे, दुकान बदला. खरं तर सुरुवातीला तुरीपेक्षा मसूरडाळ किंवा मूगडाळ घ्या. मसूर साध्या पातेल्यातही २० मिनिटांत शिजते.

कढीपत्ता: मसुराचं पटलं. फोडणीचं राहिलं. छोटी पळी इंडक्शनवर चालत नाही. साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड बऱ्याच शेगड्या ओळखतच नाहीत. जाड बुडाची कढई घ्या (बुडाला लोहचुंबक चिकटतो ना ते दुकानातच पाहा), ६०० वॅट, दोन चमचे तेल. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मग शेगडी बंद करून हळद-तिखट. ते दोन्ही मसाले तापत्या तेलात काही सेकंदांत करपतात.

पिठलंभाकर: डाळीचा कंटाळा येईल त्या दिवशी पिठलं. अर्धी वाटी बेसन अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात गुठळ्या होतात. कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीत दीड वाटी पाणी उकळा, मीठ घाला, बेसन ओतताना सतत ढवळा. मग झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं, नाहीतर पीठ कच्चं लागतं.
आणि फ्रिज नसेल तर भात एका वेळेपुरताच लावा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंनी केलेलं विष सकाळी फोडणी देऊनही जात नाही.

नवशिका: डाळीत टोमॅटो आधीच घालत होतो, पाणीही बोअरचंच आहे. उद्या मसूर, फिल्टरचं पाणी आणि १२ मिनिटं.

कढीपत्ता: मसुराला १२ नको, ती पार विरघळेल. न भिजवता, पहिल्या शिट्टीनंतर ५ मिनिटं पुरे. तेवढ्यात भातही होतो.