मुलीला टेनिस कोच व्हायचंय, यात पोट भरतं का?

मडगावची आई:
लेक फातोर्ड्याला टेनिस खेळते, यंदा बारावी. तिला पुढे कॉलेजच्या मुलींची कोच व्हायचंय. घरचे धास्तावलेत.

मिरामारची कोच:
ताई, भरतं, पण वेळ लागतो. मी विद्यापीठाकडून खेळले, मग पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा केला. सुरुवातीला पहाटे क्लबात लहान मुलं, दुपारी कॉलेजच्या मुली. पावसाळ्यात कोर्ट बंद, तेव्हा फिटनेस घ्यायचा आणि सामन्यांचे व्हिडिओ दाखवायचे. बाहेरगावी स्पर्धा असली की कोच बाई आहे म्हटल्यावर पालक निर्धास्त होतात. कितीतरी मुली त्यामुळेच खेळत राहिल्या. म्हणून तुमची लेक यायलाच हवी.

पणजीकर:
अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लेली फोरूडबद्दल तिला सांगा. आधी व्यावसायिक खेळाडू, मग तिथेच सहायक कोच. मुख्य कोच झाल्यावर २००१ ते २०१९ दरम्यान मुलींच्या संघाला १० एनसीएए (तिथली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) विजेतेपदं! सहायकाची वर्षं वाया जात नाहीत.

मडगावची आई:
ह्यांना वाचून दाखवते. आत्ता लगेच काय करावं?

मिरामारची कोच:
पदवी घेऊ दे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळू दे, ती प्रमाणपत्रं पुढे उपयोगी पडतात. सुट्टीत माझ्याकडे लहान मुलांना शिकवायला पाठवा.