अगदी हलक्या ट्रिगरचं पिस्तूल घ्यावं का? आणि किती हलकं?

सात_वाजता

नमस्कार मंडळी. तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. स्कोअर ६०० पैकी ५४५ ते ५५२ च्या चिखलात रुतून बसलाय. होल्ड (पिस्तूल स्थिर धरणं) वाईट नाही, कोचही तेच म्हणतात. पण दर सिरीजला (दहा शॉट) एक-दोन शॉट सात वाजता, म्हणजे घड्याळातल्या सातच्या दिशेला, खाली-डावीकडे जातात, आठ नाहीतर सात गुण. आयडी त्यावरूनच घेतलाय. (उजव्या हाताने मारतो.)

क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज त्यांचं ५० मीटरचं फ्री पिस्तूल (ज्याच्या ट्रिगरला वजनाची अट नसते ते) विकतायत. त्यांनी सहज हातात दिलं, रिकामं. ट्रिगरवर बोट ठेवलं आणि तो सुटलासुद्धा! दाबला असं वाटलंच नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय की ५०० ग्रॅम ओढताना माझा हात हलतो, ट्रिगर हलका असता तर हे शॉट गेलेच नसते.

तर प्रश्न असे. फ्री पिस्तूल किती ग्रॅमवर ठेवतात? जुनं यांत्रिक सेट ट्रिगरवालं घ्यावं की इलेक्ट्रॉनिक? आणि तोवर माझ्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान सरावापुरता ३०० वर आणला तर काही बिघडेल का?

ओलं_बोट

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: आणू नका. सरावात ३०० आणि मॅचला ५०० म्हणजे मॅचच्या दिवशी गंजलेलं फाटक ओढल्यासारखं वाटेल. मी केलंय हे. पहिल्या सिरीजला ८४.

जुना_चाप

फ्री पिस्तुलाचं नंतर बोलू. आधी हातात आहे त्या पिस्तुलाबद्दल सांगा. टू-स्टेज (दोन टप्प्यांत दाबला जाणारा) ट्रिगर आहे ना? पहिली स्टेज किती ग्रॅम आणि दुसरी किती?

सात_वाजता

टू-स्टेजच आहे. एकूण ५०० च्या वर आहे, तपासणीत पास होतं. वेगवेगळं कधी मोजलं नाही. पिस्तूल सेकंड हँड घेतलं होतं, जसं आलं तसंच वापरतोय.

जुना_चाप

मग तुमचा रोग बहुतेक इथेच आहे.

१० मीटरला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. पण हे ५०० एकदम ओढायचे असतात असं कोणी सांगितलं? समजा पहिली स्टेज ३८० ची आणि दुसरी १३० ची आहे. हात उचलून पिस्तूल निशाण्याच्या काळ्या गोलावर उतरवता उतरवताच बोटाने ३८० घेऊन टाकायचे. साइट स्थिरावतात तेव्हा बोट भिंतीला (पहिली स्टेज संपून ट्रिगर अडतो तिथे) टेकलेलं असतं आणि उरतात फक्त १३०. म्हणजे ज्या हलक्या ट्रिगरसाठी तुम्ही दुसरं पिस्तूल घ्यायला निघालात, तो तुमच्या हातात आत्ताच आहे. तुम्ही तो वापरत नाही, एवढंच.

आता सात वाजताचं. बोट भिंतीपर्यंत न नेता वाट बघत बसलं, आणि साइट छान दिसल्या की "आत्ता!" म्हणून शून्यापासून ५०० एका झटक्यात ओढले, की बोट एकटं जात नाही. करंगळी आणि अनामिका त्याच्यासोबत आवळतात, मनगट खाली मोडतं. उजव्या हाताचा शॉट खाली-डावीकडे जातो तो असा. ट्रिगर २० ग्रॅमचा केला तरी "आत्ता!" तसंच राहील. उलट ते जास्त पटकन घडेल.

(आमच्या वेळी ट्रिगरला चाप म्हणायचे आणि चाप 'ओढायचे'. हा शब्दच घातकी आहे. ओढायचं काही नसतं, दाब वाढवत न्यायचा असतो.)

फालतू_शंका

पण काका, हलका ट्रिगर चांगला नसता तर फ्री पिस्तूलवाल्यांनी एवढे हलके कशाला केले असते?

जुना_चाप

शंका फालतू नाही. ५० मीटरला ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादाच नाही, सेट ट्रिगरही चालतो. म्हणून तिथे लोक काही मोजक्या ग्रॅमपासून पुढे कुठेही ठेवतात. ५० मीटरचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा. १० मीटरचा ११.५ मिलिमीटरचा, तो पाचपट करून बघा, ५७.५ होतो. म्हणजे लांबचा दहा कोनाच्या हिशेबात आणखी बारीक. त्यात वारा. एवढ्या बारकाव्यात बोटाचा धक्का जितका कमी तितकं बरं, हे खरंच.

पण आकडे बघा. जिन जोंग-ओचा २०१४ चा फ्री पिस्तुलाचा विक्रम ५८३. त्याआधीचा ५८१ होता, १९८० चा, तो ३४ वर्षं टिकला. याच जिन जोंग-ओने ५०० ग्रॅमवाल्या एअर पिस्तुलाने २००९ मध्ये ५९४ मारले होते. दोन्ही खेळांची तुलना सरळ नाही, मान्य. तरी एवढं नक्की की ५०० ग्रॅममुळे कोणाचा ५५० वर अडकत नाही.

रिकामी_केस

यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक, यावर माझे दोन पैसे. दोन्ही वापरलीत. आधी टोझ-३५, आता मोरिनी सीएम ८४ई.

यांत्रिक सेट ट्रिगर उंदराच्या सापळ्यासारखा असतो. आधी खटका ताणून ठेवायचा. बोटाने फक्त बारीकशी कड सोडवायची, बाकीचं काम आतली स्प्रिंग करते. म्हणून तो इतका हलका होतो. तोटा हा की आतल्या कडा झिजल्या, तेल घट्ट झालं, धूळ बसली की स्वभाव बदलतो, आणि दुरुस्त करणारा हात मिळणं सोपं नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर म्हणजे नुसतं बटण. वजन आणि प्रवास स्क्रूने ठरतो, झिजायला फारसं काही नाही. पण बॅटरी संपली की हातात लोखंड उरतं. सुटी बॅटरी पेटीत नाही, खिशात ठेवा. पेटी मागे राहते. अनुभव आहे.

ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव) करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पॉइंट टू-टू (.२२) काडतुसाच्या यांत्रिक पिस्तुलाचा फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटतो आणि खळगा पाडतो. आत वापरलेल्या काडतुसाची रिकामी केस ठेवा, ती दर थोड्या शॉटनंतर फिरवा. माझा आयडी कुठून आला ते कळलं असेल. इलेक्ट्रॉनिकमध्ये स्ट्रायकर न उडवता नुसता ट्रिगरचा सराव करता येतो. रोजच्या सरावाला ते फार सोयीचं पडतं.

पण यापेक्षा महत्त्वाचं सांगतो, ते वाचल्याशिवाय सेट ट्रिगरला हात लावू नका. नळी निशाण्याच्या दिशेने असल्याशिवाय सेट करायचं नाही. बोट ट्रिगरच्या गार्डबाहेर, पिस्तूल काळ्याच्या टापूत स्थिरावल्यावरच आत. आणि शॉट सोडून द्यायचा ठरवला तर सेट केलेलं पिस्तूल तसंच टेबलावर ठेवायचं नाही. नळी समोरच ठेवून ब्रीच (नळीचं मागचं तोंड) उघडायचा, काडतूस काढायचं, मग सेट उतरवायचा. एअर पिस्तूलवाल्यांचं बोट सवयीने आधीच ट्रिगरवर असतं. तीच सवय इथे महागात पडते.

ओलं_बोट

आणि गारठ्यात? बोट बधिर झालं की २० ग्रॅम कळतसुद्धा नाहीत. ५०० निदान जाणवतात.

रिकामी_केस

बरोबर. थंडीत मी मुद्दाम वजन वाढवतो.

पांढरी_पाटी

२५ मीटरवालीचं मत: आम्हाला १००० ग्रॅम ओढावे लागतात, तुम्ही ५०० ला रडता! विनोद बाजूला. एक धोक्याची गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्याकडे एकाने हा उद्योग केला होता. फ्री पिस्तुलाची नक्कल म्हणून सेमी-ऑटोमॅटिकचा सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) घासून ट्रिगर हलका केला. सिअरची पकड इतकी कमी उरली की स्लाइड पुढे आदळताच हॅमर आपोआप सुटला. एकदा दाबलं, दोन गोळ्या. दुसरी छताकडे. सुदैवाने कोणाला लागली नाही. फ्री पिस्तूल एकेक काडतुसाचं असतं, तिथे असं आदळणारं काही नसतं. स्क्रूने कमी होईल तेवढंच करायचं, कानस जवळ आणायची नाही.

सात_वाजता

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. जुना_चाप, दोन स्टेज वेगवेगळ्या मोजायच्या कशा?

जुना_चाप

क्लबात तपासणीचं वजन असेल ते मागा. नळी सरळ उभी धरायची, वजनाची धार ट्रिगरच्या मध्याशी अडकवायची आणि टेबलावरून सावकाश उचलायचं. टोकाशी अडकवलंत तर तरफ लांब होते आणि ट्रिगर आहे त्यापेक्षा हलका भासतो. बोटालाही हेच लागू आहे. बोट जरा वर सरकलं की तोच ट्रिगर जड लागतो, म्हणून बोट रोज एकाच जागी. स्पर्धेत तीनदा उचलायची संधी मिळते, पण काठावर राहू नका, ५१० च्या वर ठेवा. स्पर्धेनंतरही तपासतात, आणि तिथे नापास झालात तर सरळ बाद.

पहिली स्टेज मोजायला लहान वजनं टांगत जा. ट्रिगर भिंतीशी जाऊन थांबला की ते पहिलं वजन. स्क्रू फिरवण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर पेनाने रेघ मारा आणि पाव-पाव फेऱ्यानेच जा. सगळे एकदम फिरवून मग इथे मदतीसाठी धागा काढणारे बरेच आहेत.

घरचा एक सराव सांगतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर बोटाचं पहिलं पेर टेकवा, डोळे मिटा आणि ३८० पर्यंत दाबून थांबा. मग डोळे उघडून आकडा बघा.

सात_वाजता (अठरा दिवसांनी)

धागा वर काढतोय.

मोजलं. पहिली स्टेज १५०, दुसरी ३६०! आधीच्या मालकाला तसंच आवडत असेल. म्हणजे साइट स्थिरावल्यावर मी खरोखरच ३६० ओढत होतो. आता ३८० आणि १३० केलंय. पहिले चार दिवस हाल झाले. पिस्तूल वर नेतानाच दोनदा शॉट सुटला, एक तर पांढऱ्यात. मग वजनकाटा बाहेर काढला. सुरुवातीला डोळे उघडले की आकडा कधी २१०, कधी ६४०. आता ३५० ते ४०० मध्ये पडतो. चौथ्या बोटाचं लक्षात आलं तेही तिथेच: काट्यावर तर्जनी दाबताना दुसऱ्या हाताने तपासलं, अनामिका दरवेळी आवळत होती. काकांनी लिहिलं होतं तसंच.

कालचा स्कोअर ५५८. सात वाजताचे तीन, पूर्वी आठ-दहा असायचे.

आणि हो, त्या ज्येष्ठांनी फ्री पिस्तूल रेंजवर मारूनही पाहू दिलं. रिकामी_केसने सांगितलेलं पाठ करून गेलो होतो, नळी समोर, बोट बाहेर. तरी पहिला शॉट काळ्याच्या बराच खाली, बांधाच्या मातीत. बोट आत नेताना नखाची कड लागली असावी. ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर विकतोय. माझं बोट आता थरथरतं."

घ्यावंसं वाटतंय, पण लगेच नाही.

रिकामी_केस

नख कापा. खरंच सांगतोय.

फालतू_शंका

काटा परत स्वयंपाकघरात गेला का?

सात_वाजता

नाही. घरात नवीन घ्यावा लागला.