बाहेरच्या पार्किंगच्या काँक्रीटला कोणता रंधा वापरावा?

प्रश्न: घरासमोर ४ इंच जाडीचं काँक्रीट टाकायचंय. गवंडी पत्र्याच्या रंध्याने (ओलं काँक्रीट घोटायच्या सपाट अवजाराने) गुळगुळीत करून देतो म्हणतोय. चालेल का?

प्रतिसाद १: उघड्यावर नको. पावसात पाय सटकतो. शिवाय ओल्या काँक्रीटमधून वर आलेलं पाणी त्या घोटाईखाली अडकतं आणि नंतर पापुद्रे निघतात. आधी अॅल्युमिनियमची पट्टी ओढा, १० फुटाला दीड इंच उतार ठेवा, लगेच लाकडी रंधा फिरवा. मग थांबा! पाण्याची चमक गेली आणि बूट जेमतेम पाव इंच रुतला की पुन्हा लाकडी रंधा. कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, तो थर वर्षभरात सुटतो.

प्रतिसाद २: शेवटी ओलसर, झटकलेला झाडू एकाच दिशेने, गाडीच्या चालीला आडवा ओढा. खडी उचकटून वर आली तर घाई झाली. रेघच उमटत नसेल तर उशीर झाला.

प्रतिसाद ३: सांधे विसरू नका. दर ८ ते १० फुटांवर १ इंच खोल खाच हवी, नाहीतर तडा स्वतःची वाट शोधतो. नंतर सात दिवस ओलं गोणपाट.