वॉल्डन: पहिल्याच प्रकरणात अडकलोय, पुढे वाचू का?

माळरान:
थोरो या अमेरिकन लेखकाचं वॉल्डन, म्हणजे वॉल्डन तळ्याकाठी स्वतः घर बांधून एकटं राहिल्याचं पुस्तक, तिसऱ्यांदा हातात घेतलंय आणि तिसऱ्यांदा त्याच जागी अडकलोय. मला वाटलेलं तळं, झाडं, पक्षी असं काहीतरी असेल, पण हा माणूस फळ्या केवढ्याला, खिळे केवढ्याला हेच मांडत बसलाय, घराचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट वगैरे. त्यात कुठेतरी वाचलं की जमीन त्याच्या लेखक मित्राची, इमर्सनची होती, आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, मग हा कसला वनवास? नोकरीला अकरा वर्षं झाली, फार दमलोय, म्हणून मनापासून विचारतोय. कुणाला या पुस्तकाने खरंच काही दिलं का?

चिंचेखाली:
अरे तो हिशोबच तर पुस्तकाचा गाभा आहे! त्याचं म्हणणं एवढंच की वस्तूची किंमत पैशात नाही, तिच्यासाठी आयुष्य किती द्यावं लागतं त्यात मोज. फिचबर्ग गावाला जायचं उदाहरण बघ, ३० मैल, रेल्वेचं भाडं ९० सेंट, म्हणजे तेव्हाची जवळजवळ दिवसाची मजुरी. तो म्हणतो मी आत्ता चालायला लागलो तर रात्रीच्या आत पोचतो, तू आधी भाडं कमवायला बसणार. हे वाचून मी माझ्या गाडीचा हिशोब मांडला, हप्ता, पेट्रोल, विमा, पार्किंग, आणि महिन्यातले सहा दिवस मी फक्त गाडीसाठी कामाला जात होते, आणि गाडी कशासाठी तर कामावर जायला. दोन रात्री झोप नाही लागली. तिसऱ्या महिन्यात विकली.

दहा_बाय_बारा:
वनवासाचं म्हणशील तर त्याने तसा दावाच केलेला नाही. गावात दर एकदोन दिवसांनी चक्कर असायची हे तो स्वतःच लिहितो, घरात तीन खुर्च्या, एक एकांताला, दोन मैत्रीला, तीन समाजाला. जुलै १८४६ मध्ये चांभाराकडे दिलेला बूट आणायला गावात गेला तेव्हाच त्याला अटक झाली, गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून, आणि एक रात्र तुरुंगात काढली. जगाकडे पाठ फिरवलेला माणूस असं करत नाही. आणि ते घर १० बाय १५ फुटांचं! आम्ही लालबागला त्याहून लहान खोलीत सात जण वाढलो, त्यामुळे कमी जागेचं मला कौतुक नाही. पण आमच्यावर ती वेळ होती, त्याने ते निवडलं, आणि निवडता येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या पुस्तकाने शिकवलं. ४ जुलै १८४५ ला राहायला गेला, सप्टेंबर १८४७ ला निघाला, कायमचं राहायचं असं काही नव्हतंच.

पाणवठा:
पहिलं प्रकरण अडत असेल तर सरळ सोडा आणि हिवाळ्यातल्या तळ्याचं वाचा. लोक म्हणायचे वॉल्डन तळ्याला बूडच नाही, याने दोरीला दगड बांधून मोजलं, १०२ फूट. मग बर्फ कापायला शंभर माणसं येतात आणि त्याच्या डोळ्यापुढे येतं की मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसं माझ्याच विहिरीचं पाणी पितायत, आणि सकाळी आपण भगवद्गीतेत बुद्धीला अंघोळ घालतो असंही लगेच तिथेच. त्या काळी मुंबईत अमेरिकेचा बर्फ जहाजाने यायचाच, पण प्रत्यक्षात कापून रचलेल्या त्या ढिगातला बराचसा बर्फ तिथेच वितळून परत तळ्यात गेला, मला तर हे जास्त आवडतं. मराठीत दुर्गाबाई भागवतांचा अनुवाद आहे, वॉल्डनकाठी विचारविहार. मी आधी तोच वाचला.

माळरान:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल घेवड्याच्या शेतीचं प्रकरण वाचलं. ओळी जोडल्या तर सात मैल भरतील एवढी खुरपणी, त्यात रानातल्या जनावरांनी पाव एकर फस्त केलं, आणि सगळं जाऊन नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. आमचे बाबा पण भुईमुगाचा असाच हिशोब वहीत लिहायचे, बियाणं, मजुरी, डुकरांनी किती खाल्लं ते सुद्धा, आणि मला लहानपणी त्या वहीचा कंटाळा यायचा. त्यांना इंग्रजी जमत नाही. दुर्गाबाईंचं पुस्तक आता कुठे मिळेल, जुनी प्रत असली तरी चालेल?