मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यातली काळी माती रिओमीटरवर तपासताना पाणी सारखं ठेवू की सक्शन?

नमस्कार मंडळी,

मी मृदाशास्त्रात संशोधन करते. माझे नमुने पूर्णा खोऱ्यातले, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यातले आहेत. सोडियमयुक्त जमिनीसाठी ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या, बदलता येणाऱ्या धन आयनांत सोडियमचा टक्का) १५ ही मर्यादा आपण शिकतो, पण स्मेक्टाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणखनिजाने) भरलेल्या या मातीत त्याच्या कितीतरी खालीच निचरा बिघडतो. जिप्सम दिल्यावर कणांमधली पकड किती सुधारते, हे मला रिओमीटरवर (पदार्थ किती ताठ राहतो आणि किती वाहतो, हे मोजणाऱ्या यंत्रावर) थेट मोजायचं आहे.

पद्धत जर्मनीतल्या कील विद्यापीठात मार्कग्राफ, हॉर्न आणि पेठ यांनी २००६ मध्ये मांडलेल्या मार्गाचीच आहे. दोन समांतर प्लेट, व्यास २५ मिमी, मधलं अंतर ४ मिमी, वारंवारता ०.५ हर्ट्झ, तापमान २० अंश. विकृती (मातीचा आकार किती बदलवला ते) ०.०००१ पासून १०० टक्क्यांपर्यंत वाढवत न्यायची आणि जी-प्राइम (मातीचा ताठपणा) व जी-डबल-प्राइम (तिचा वाहतेपणा) पाहायचे. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, म्हणजे टॅन डेल्टा (जी-डबल-प्राइम भागिले जी-प्राइम) १ होतो, तिथे माती वाहायला लागते. तोवरचं टॅन डेल्टाची वक्ररेषा आणि १ ची रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रल झेड. ते जास्त, तर रचना टणक.

अडचण तुलनेची आहे. दोन्ही नमुने, जिप्सम दिलेला आणि न दिलेला, उणे ६ किलोपास्कलवर आणले (म्हणजे ६ किलोपास्कल सक्शनवर; सक्शन म्हणजे माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते), की बिनजिप्समची माती जास्त फुगते आणि जास्त पाणी धरते. मग तिचा जी-प्राइम कमी आला तर दोष सोडियमचा की नुसत्या जास्तीच्या पाण्याचा? उलट पाणी सारखं ठेवलं तर दोघींचं सक्शन वेगळं होतं, आणि कणांमधल्या पाण्याची ओढ ताकदीत मिसळते. मला वाटतं, संपृक्त अवस्था, ३, ६ आणि १५ किलोपास्कल अशा अनेक टप्प्यांवर मोजून दोन्ही मातींच्या रेषा पाण्याच्या प्रमाणासमोर मांडाव्यात. एकाच टप्प्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही हे कसं सोडवता?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटतो. नमुने भिजवायला कुठलं पाणी घ्यावं? डिस्टिल्ड पाण्यात क्षार धुऊन जातात, चिकणमाती विखुरते आणि जिप्समचा अर्धा फायदा मोजण्याआधीच नाहीसा होतो. कॅल्शियम क्लोराइड वापरलं तर बिनजिप्समच्या नमुन्यातलाही सोडियम बदलला जातो. तिथल्या विहिरीच्या पाण्याइतकाच एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण) असलेलं द्रावण बनवावं, की पावसाचं पाणी धरून चालावं? शेतकऱ्याला त्रास तर पावसाळ्यातच होतो.

शिवाय संपृक्त नमुना गुळगुळीत प्लेटवरून घसरतो. चाचणीनंतर प्लेट उचलली की मातीचा पृष्ठभाग चकचकीत, न फाटलेला दिसतो. यंत्र पॉलिमरच्या प्रयोगशाळेतलं आहे, तिथे खाचांची प्लेट नाही. प्लेटला वॉटरप्रूफ पॉलिश पेपर चिकटवून कुणी मोजलंय का? शून्य अंतर (दोन्ही प्लेट एकमेकींना टेकतात ती जागा) पुन्हा ठरवावं लागेल हे कळतं, पण ओला कागद स्वतः लवत असेल तर सुरुवातीचा जी-प्राइम कमी येईल अशी भीती आहे.

काळ्या मातीवर काम केलेल्यांनी जरूर लिहा. आलेख हवे असतील तर इथेच टाकते.